मीरा रोडहून आलेला संगणक गावी सुरू होत नाही, तेव्हा



दिवाळीत किंवा मे महिन्यात मुलगा-सून मुंबईकडून गावी येतात, तेव्हा हल्ली त्यांच्या सामानात एखादी जड पेटी असते. मीरा रोडच्या सदनिकेत सात-आठ वर्षे वापरलेला टेबलावरचा संगणक. तिकडे आता लॅपटॉप घेतला, किंवा मोबाईलवरच सारे भागू लागले. हा भंगारात देण्यापेक्षा गावी न्यावा, धाकट्याला शिकायला होईल, दूध संस्थेचे हिशेब मांडता येतील, रोपवाटिकेची बिले छापता येतील, असा विचार. विचार चांगलाच आहे. पेटी उतरते, पडवीत टेबल मांडले जाते, वायरी जोडल्या जातात, बटण दाबले जाते आणि काहीच होत नाही.

पुढे बहुधा दोन गोष्टींपैकी एक घडते. एक तर संगणकावर जुने लुगडे पांघरून तो कोपऱ्यात जातो आणि वर्षभरात त्यावर बियाण्याच्या पिशव्या येतात. नाही तर तो तालुक्याच्या गावी जातो, तिथे कोणी पेटी न उघडताच "बोर्ड गेला" म्हणून सांगतो आणि जितक्याला जुना संगणक मिळाला असता तितका खर्च सांगतो. नोकरीच्या निमित्ताने ग्रामपंचायती, सोसायट्या आणि बांधवांची घरे हिंडताना अशा बंद पेट्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांतल्या पुष्कळशा मेलेल्या नव्हत्याच. कुठे वीज पोचत नव्हती, कुठे एखादा भाग जागचा हलला होता, कुठे नाण्याएवढी बॅटरी संपली होती. विहिरीवरचा पंप बंद पडला की तुम्ही लगेच मोटर बाहेर काढत नाही. आधी फ्यूज पाहता, मग स्टार्टर, मग केबल. तीच रीत इथे चालवायची आहे.

या लेखाचे दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. त्या पेटीत नुसते यंत्र नसते. घरातल्या लग्नाचे फोटो असतात, वारस नोंदीच्या कागदांच्या प्रती असतात, संस्थेची तीन वर्षांची दुधाची खाती असतात. संगणक सुरू होत नाही म्हणून घाबरून जाऊन माणसे हे सारे पुसू देतात, आणि ते परत मिळत नाही. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

मीरा रोडची हवा

आधी पेटी कुठून आली ते पाहू. मीरा रोड हे पश्चिम रेल्वेवरील दहिसर आणि भाईंदर यांच्यामधले स्थानक. ठाणे जिल्ह्यातला हा पट्टा मूळचा भातशेतीचा आणि मिठागरांचा. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र. येथील इमारती गेल्या चाळीसेक वर्षांतल्या. मीरा-भाईंदरला नगरपालिका १९८५ साली आली आणि महानगरपालिका २००२ साली झाली. इमारती वाढल्या तरी हवा तीच राहिली. ज्या हवेत मीठ पिकते ती हवा ओली आणि खारी. पावसाळ्याचे चार महिने तर कपाटातले कपडेही दमट लागतात.

आपल्यापैकी जे खारजमिनीत भात घेतात त्यांना या हवेचा गुण सांगायला नको. तिथे पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशा क्षार सोसणाऱ्या जाती काढाव्या लागल्या. संगणकाची मात्र क्षार सोसणारी जात नाही. त्यातले तांब्याचे सांधे हिरवट पडतात, लोखंडी पेटीच्या कडा तांबारतात, पंख्यावर बसलेली धूळ दमटपणाने चिकट होऊन तिचा थर बनतो. सदनिकेत रोज चालू असताना यंत्र आतून गरम राहते व ओल टिकत नाही. ते सहा महिने पलंगाखाली पडून राहिले की ओल आपले काम करते. त्यानंतर ते टेम्पोत किंवा एसटीच्या बाकाखाली बसून घाट उतरते. म्हणजे गंजू लागलेले सांधे आणि वर आठ तासांचे हादरे. गावी पोचल्यावर ते सुरू झाले नाही तर नवल नाही.

पाठवणाऱ्याने थोडी काळजी घेतली तर निम्मा त्रास वाचतो. मीरा रोडहून निघण्यापूर्वी संगणक तिथेच एकदा चालवून पाहावा. मागच्या वायरींचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. पेटी गोधडीत गुंडाळून आडवी ठेवावी, ती अशी की आतला मुख्य बोर्ड तळाला सपाट राहील. उभी ठेवल्यास बोर्डावरचा जड पंखा हादऱ्याने लोंबतो. हे मुलाला आजच फोनवर सांगून ठेवा.

सुरुवात खांबापासून

आता पेटी गावी आहे आणि बंद आहे. बटण दाबल्यावर दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही, अगदी शांत. अशा वेळी पेटीकडे पाहूच नये. भिंतीकडे पाहावे.

ज्या सॉकेटात संगणक लावला आहे त्यात साधा दिवा लावून पाहा. टेस्टरवर विसंबू नका. न्यूट्रलची तार कुठे तुटलेली असली तरी फेजवर टेस्टर पेटतोच, आणि आपल्याला वाटते वीज आहे. दिवा पेटला, पूर्ण उजेडाने पेटला आणि पिन हलवल्यावर लुकलुकला नाही, तर सॉकेट ठीक. आपल्याकडच्या घरांत जुनी सॉकेटे ढिली झालेली असतात. संगणकाची पिन जाड, तिच्या वायरीचे वजनही जास्त, त्यामुळे ती खाली झुकते आणि सुटते. तीच गोष्ट वायरीच्या दुसऱ्या टोकाची. पेटीच्या मागे ती वायर घट्ट दाबून बसवावी लागते. मागे त्याच जागी बहुधा एक छोटे काळे बटणही असते. ते कोणी प्रवासात बंद केले असेल तर पुढचे बटण शंभरदा दाबून उपयोग नाही. ही वायर अनेक जुन्या पडद्यांनाही चालते, तेव्हा दोहोंची अदलाबदल करून पाहावी. वायरच खराब असेल तर तेवढ्यावर काम भागते.

मग यूपीएस. संगणकासोबत ही लहान पेटी आली असेल तर तिचा संशय सर्वांत आधी घ्यावा. तिच्यातली बॅटरी साधारण दोन ते चार वर्षांत संपते, आणि बॅटरी संपली की पुष्कळ यूपीएस वीज असतानाही सुरू होत नाहीत, किंवा क्षणभर चालून कुईं कुईं करीत बंद पडतात. लोक दोष संगणकाला देतात. यूपीएस बाजूला काढून संगणक सरळ भिंतीतल्या सॉकेटला जोडून पाहावा. सुरू झाला तर फक्त यूपीएसची बॅटरी बदलावी.

एवढे करूनही पेटी मुकी असेल तर एक सोपा उपाय करावा. सर्व वायरी काढा, अगदी पडद्याची, छपाईयंत्राची, इंटरनेटचीसुद्धा. वीज नसताना पुढचे बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा. यामुळे आत अडकून राहिलेला भार निघून जातो. मग फक्त विजेची वायर जोडून बटण दाबा. ऐकायला हा मंत्रतंत्राचा प्रकार वाटेल, पण यात जादू नाही आणि काही यंत्रे एवढ्यानेच जागी होतात. सुरू झाल्यावर एकेक वायर परत जोडत जावी. ज्या वायरीला पुन्हा बंद पडेल तिच्या टोकाला जे यंत्र आहे ते दोषी.

आपल्या विजेचे तीन दोष

मीरा रोडच्या सदनिकेत जे यंत्र बिनतक्रार चालले ते गावी का अडते, याचे उत्तर बरेचदा विजेत असते. संगणकाच्या पेटीत मागच्या बाजूला पत्र्याची एक डबी असते, तिला एसएमपीएस म्हणतात. घरात येणाऱ्या २३० व्होल्टचे ती १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून देते. संगणकाचे सारे काम या लहानशा दाबावर चालते. डबीला पोट भरून वीज मिळाली नाही तर ती काम सुरूच करीत नाही.

पहिला दोष कमी दाबाचा. संध्याकाळी दिवे मिणमिणतात, पंखा रेंगाळतो, त्या वेळी संगणक सुरू न होणे किंवा मध्येच पुन्हा पुन्हा सुरू होणे साहजिक आहे. सकाळी लवकर, गिरणी सुरू होण्यापूर्वी, लावून पाहावा. सकाळी चालतो आणि संध्याकाळी अडतो, तर यंत्र चांगले आहे. चांगला स्टॅबिलायझर लावून घ्यावा.

दुसरा दोष याच्या उलट, आणि घातक. रोहित्रावर किंवा खांबावर न्यूट्रल तुटली तर काही घरांत अचानक २३० ऐवजी जवळजवळ ४०० व्होल्टपर्यंत दाब चढतो. दिवे एकाएकी प्रखर होतात. अशा वेळी दूरचित्रवाणी संच, शीतकपाट, संगणक, जे लावलेले असेल ते जळते. दिवे भगभगले की मेन बंद करणे हाच उपाय. त्यातून संगणक गेला असेल तर बहुधा एसएमपीएस जाते आणि बाकीचे वाचते. ही डबी सुटी बदलून मिळते, पूर्ण संगणक बदलावा लागत नाही. मात्र ती स्वतः उघडू नये. पिन काढल्यानंतरही तिच्यात काही काळ तीनशेहून अधिक व्होल्टचा भार साठलेला राहू शकतो. तिच्यातल्या फ्यूजला तांब्याची जाड तार लावण्याची युक्तीही करू नये. आपल्याकडे घरच्या फ्यूजला अशी तार लावायची खोड आहे, ती पंपालाही महाग पडते, हे अनेकांनी अनुभवले आहे.

तिसरा दोष अर्थिंगचा. संगणकाच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात अशी तक्रार पुष्कळ करतात. पिनचे तिसरे टोक जमिनीला नीट जोडलेले नसले की एसएमपीएसच्या गाळणीतून झिरपणारा थोडा विद्युतभार पत्र्यावर येतो, त्याच्या या मुंग्या. प्रवाह फार लहान असतो, पण ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून त्याची परीक्षा पाहू नये. शिवाय मुंग्या येण्यामागे दर वेळी हेच कारण असते असे नाही. पत्र्याला उघडी तार लागलेली असली तर ते जिवावर बेततो. म्हणून अर्थिंग आधी करून घ्यावे. कोळसा-मीठ घालून खड्डा कसा करायचा ते गावातल्या वायरमनला माहीत असते. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून घागरभर पाणी ओतावे. मुले ज्या यंत्राला हात लावणार आहेत त्याला तिसरी पिन तोडून लावणे हा काटकसरीचा भाग नव्हे.

पंखा फिरतो, पडदा काळा

दुसरी तऱ्हा अशी: बटण दाबले की दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडद्यावर काही दिसत नाही. इथेच सर्वांत जास्त पेट्या फुकट बाद ठरतात, म्हणून इथे थोडे थांबू.

प्रथम पडदाच तपासावा. पडद्याचा स्वतःचा दिवा पिवळा किंवा लुकलुकता असेल तर त्याचा अर्थ, पडद्याला वीज आहे पण संगणकाकडून चित्र येत नाही. चित्राची वायर दोन्ही टोकांना दाबून बसवा, तिला स्क्रू असतील तर पिळून घ्या. काही पेट्यांच्या मागे ही वायर लावायला दोन जागा असतात, एक वर आणि एक खाली आडव्या पट्टीत. वरच्या जागेत लावली आणि चित्र नाही, तर खालच्या जागेत लावून पाहा. फोटो काढून ठेवण्याची सूचना केली ती याचसाठी.

तरी पडदा काळाच, तर पेटी उघडायला हरकत नाही. दिवसाउजेडी, कोरड्या जागी, विजेची वायर पूर्ण काढून. आत हात घालण्याआधी पत्र्याला हात लावावा, म्हणजे अंगातला स्थिर भार उतरतो. हिवाळ्यात लोकरी कपडे घालून हे काम करू नये. बाजूचा पत्रा दोन स्क्रूंवर असतो. तो काढल्यावर आत काय दिसेल ते सांगवत नाही. धूळ तर असतेच. पण मुंग्यांचे वारूळ, झुरळे, उंदराने कुरतडलेली वायर, आणि बोर्डावर चिकटून वाळलेली पाल, हे सारे मी पाहिले आहे. पालीचे शरीर दोन सांध्यांवर आडवे पडले की बोर्ड अडतो. ती काढून जागा कोरड्या ब्रशने साफ केली की काही वेळा यंत्र चालूही होते. धूळ काढायला रंगाचा नवा कोरडा ब्रश वापरावा. ओले फडके मुळीच नको, आणि पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरची हवाही नको, कारण तिच्यातून पाण्याचे थेंब येतात.

आता बोर्डावर उभी बसवलेली बोटभर रुंदीची, वीतभरापेक्षा लहान हिरवी पट्टी शोधा. एक असेल किंवा दोन. हीच मेमरी, जिला रॅम म्हणतात. दोन्ही टोकांच्या खिट्या बाहेर ढकलल्या की ती वर येते. तिच्या खालच्या कडेला सोनेरी दात असतात. मीरा रोडची खारी हवा नेमकी इथे लागते. दात काळवंडलेले, डागाळलेले दिसले तर शाळेतल्या मुलाचे पांढरे मऊ खोडरबर घ्या आणि दातांवरून हलकेच फिरवा. पडलेला चुरा ब्रशने झाडा. पट्टी परत बसवताना तिच्या कडेची खाच जागेशी जुळवून, दोन्ही बाजूंना खिट्या टक् आवाज करून बसेपर्यंत दाबा. उलटी पट्टी जोराने ठोकू नका. दोन पट्ट्या असतील तर एका वेळी एकच लावून पाहा, म्हणजे कोणती बिघडली ते कळते. प्रवासातून आलेला, काळा पडदा दाखवणारा संगणक एवढ्या खोडरबराच्या कामावर सुरू होणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. तालुक्याला याचेच पैसे घेतात. त्यात त्यांचे काही चुकत नाही, कारण कसब विकूनच त्यांचे पोट चालते. पण आपल्या घरी बारावीची पोर आहे, तिला हे दहा मिनिटांत जमते.

त्याच बोर्डावर जुन्या रुपयाएवढी चकचकीत बॅटरी दिसेल. तिच्यावर सीआर २०३२ असे कोरलेले असते. वीज नसताना संगणकाचे घड्याळ आणि काही मूळ मांडण्या ही तीन व्होल्टची बॅटरी सांभाळते. चार-पाच वर्षांत ती दमते. संगणक पलंगाखाली पडून राहिला असेल तर आणखी लवकर. मग यंत्र सुरू होताना एखादा इंग्रजी संदेश दाखवून अडते, तारीख भलत्याच सालाची दाखवते, आणि काही बोर्ड तर या बॅटरीवाचून जागेच होत नाहीत. घड्याळाच्या दुकानात ही मिळते, किंमत फार नसते. बदलल्यावर तारीख-वेळ घालायला विसरू नका. तारीख चुकीची असली की सातबाराची, बँकेची संकेतस्थळे उघडत नाहीत आणि लोक इंटरनेटला शिव्या देतात.

काही संगणक बोलतात. सुरू होताना आतून टीं टीं असा आवाज येतो. तो मोजून कागदावर लिहून ठेवा. कंपनीप्रमाणे त्याचे अर्थ बदलतात, तरी साधारणपणे एकसारखा थांबत थांबत येणारा आवाज मेमरीकडे बोट दाखवतो, आणि एक लांब व मागून दोन-तीन आखूड आवाज चित्राच्या कार्डाकडे. दुरुस्तीवाल्याला फोनवर एवढे सांगितले तरी तुम्ही अडाणी गिऱ्हाईक नाही हे त्याला कळते, आणि भावही त्याप्रमाणे सांगितला जातो.

सुरू होऊन दोन-चार मिनिटांत आपोआप बंद पडत असेल तर उष्णतेचा संशय घ्यावा. मुख्य चिपेवरच्या पंख्याखाली धुळीची गादी बसलेली असते किंवा प्रवासात पंख्याची एखादी खिटी सुटलेली असते. ती गादी काढावी. मधला लेप वाळून खडू झाला असेल तर तो मात्र माहितगाराकडून बदलून घ्यावा. बोर्डावरची नळकांड्यांसारखी कपॅसिटरे वरून फुगलेली किंवा चिकट रस गळलेली दिसली, तर हा घरचा उपचार नव्हे. पंपाचा कपॅसिटर फुगतो तसाच हा प्रकार, फक्त आकार लहान.

अक्षरे येतात, पुढे जात नाही

तिसऱ्या तऱ्हेत कंपनीचे नाव दिसते, अक्षरे दिसतात आणि यंत्र अडते. सर्वांत आधी मागे-पुढे लावलेला पेन ड्राइव्ह काढून टाका. संगणक कधी कधी त्याच्यातूनच सुरू व्हायला पाहतो आणि काही सापडले नाही म्हणून थांबतो. त्यानंतर पेटी बंद करून हार्ड डिस्कच्या दोन्ही वायरी काढून परत घट्ट बसवा. हादऱ्याने या हमखास ढिल्या होतात.

डिस्कमधून ठराविक अंतराने कट्‌ कट्‌ असा आवाज येत असेल तर तिथेच थांबा. पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नका. आतली चकती फिरत असते आणि बिघडलेला काटा तिच्यावर ओरखडे पाडत असतो. प्रत्येक प्रयत्नाने आणखी काही फोटो, आणखी काही हिशेब कायमचे जातात.

आणि आता ती महत्त्वाची गोष्ट. दुरुस्तीवाला "फॉर्मॅट मारू का?" असे विचारतो. हा शब्द ऐकायला औषधासारखा वाटतो, आणि आपण मान डोलावतो. फॉर्मॅट म्हणजे ती जागा नव्याने आखणे. आत जे होते ते नांगरून टाकणे. विंडोज नव्याने भरताना हे करावे लागते तेव्हा करावे, पण आधी आतला माल बाहेर काढून. लक्षात ठेवा, बोर्ड जळाला, एसएमपीएस जळाली, मेमरी गेली, तरी हार्ड डिस्क बहुधा शाबूत असते. घर पडले तरी कणगीतले धान्य शाबूत राहावे तसे. ती सुटी काढून एका साध्या वायरीने दुसऱ्या संगणकाला जोडता येते आणि सारी कागदपत्रे उतरवून घेता येतात. दुरुस्तीला देताना सरळ सांगा, "आधी माल काढून दे, मग काय ते कर." माझ्या माहितीतल्या एका दूध संस्थेची दोन वर्षांची खाती अशाच एका होकाराने गेली. सभासदांच्या पावत्या घरोघर फिरून गोळा कराव्या लागल्या, आणि काही पावत्या मिळाल्याच नाहीत. ज्यांची पावती नव्हती त्यांच्या फरकाच्या रकमेवरून वार्षिक सभेत जी भांडणे झाली ती अजून मिटलेली नाहीत.

विंडोजविषयी एकच सांगतो. विंडोज १० ची कंपनीकडून मिळणारी नेहमीची सुधारणा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. याचा आधार घेऊन "हा आता चालणारच नाही" असे सांगणारे भेटतात. यंत्र सुरू न होण्याशी या तारखेचा संबंध नाही. चालतो तसा तो चालतच राहतो. मात्र इंटरनेटवरचे चोर अशा जुन्या यंत्राला सोपे गाठतात, म्हणून बँकेचे काम त्यावर करू नये. हिशेब, टंकलेखन, मुलांचा सराव याला तो पुरे आहे.

वारणेची गोष्ट

गावातला संगणक चालता ठेवणे ही काही आजची अडचण नाही. १९९८ साली वारणानगरच्या परिसरात कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांसाठी एक मोठी योजना निघाली. देशभर तिचा गवगवा झाला. गावोगाव संगणकाची केंद्रे, ती साखर कारखान्याशी जोडलेली, म्हणजे ऊस उत्पादकाला ऊसनोंद, तोडणीची पाळी, वजन आणि हिशेब गावातच कळावा. कल्पना उत्तम होती, आणि वारणेसारखी शिस्तीची सहकारी संस्था पाठीशी होती. पण संगणक जुने होत गेले, ते चालते ठेवायला खर्च पडू लागला. पुढे संशोधकांनी सात गावांत आठ महिने संगणकाऐवजी मोबाईलच्या छोट्या संदेशांवर तेच काम चालवून पाहिले. ते स्वस्तही पडले आणि शेतकऱ्यांना सोयीचेही वाटले. २००७ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला.

यावरून कोणी म्हणेल, मग संगणक हवाच कशाला? सातबारा मोबाईलवर निघतो, ई-पीक पाहणी तर मोबाईलवरच करायची असते. बरोबर आहे. फक्त तेवढ्यासाठी मीरा रोडहून पेटी आणू नका. पण सव्वाशे सभासदांचा पगारपत्रक-हिशेब बोटभर पडद्यावर होत नाही, आणि मुलीला नोकरीच्या परीक्षेला टंकलेखनाचा वेग हवा असेल तर तो मोबाईलवर येत नाही. काम कोणते ते आधी ठरवावे.

पावसाळा आणि वीज

सुरू झालेला संगणक पावसाळ्यात आठवड्यातून दोन-तीनदा तरी अर्धा तास चालवावा. आतली ऊब ओल घालवते. कणगीखाली वीट ठेवतो तशी पेटी जमिनीपासून वर ठेवावी, भिंतीला चिकटवू नये, शेणाने सारवलेल्या ओल्या जमिनीवर तर नाहीच. प्लास्टिकचा कागद गुंडाळून ठेवणारे भले करतात असे त्यांना वाटते, पण आतली ओल आतच राहते. त्यापेक्षा सुती कापड बरे.

वळवाच्या गडगडाटात बटण बंद करणे पुरे नाही. पिन सॉकेटातून काढावी आणि इंटरनेटची तांब्याची वायर असेल तर तीही काढावी. आकाशातली वीज त्या वायरीनेही घरात येते.

पेटी पाण्यात बुडाली तर ती "चालते का पाहू" म्हणून लावायची नाही. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि मुंबई-ठाण्याच्या सखल भागांत तळमजले पाण्याखाली गेले. अशा पाण्यातून निघालेल्या यंत्रात ओल असताना वीज सोडली तर जे वाचले असते तेही जळते. बॅटरी काढावी, पेटी उघडी करून सावलीत, वाऱ्यावर बरेच दिवस वाळवावी, आणि चिखलाच्या पाण्यातून आलेली असेल तर स्वतः प्रयोग न करता माहितगाराला दाखवावी. हार्ड डिस्क बुडाली असेल तर तिला वीज मुळीच देऊ नये.

सारे करून पाहिले आणि बोर्डच गेल्याचे ठरले, तर जुन्या बोर्डावर फार पैसे घालू नयेत. डिस्क, मेमरी आणि चालू एसएमपीएस काढून ठेवावी, त्या दुसऱ्या कोणाच्या पेटीला उपयोगी पडतात. उरलेला सांगाडा उकिरड्यावर टाकू नका. तो उकिरडा पुढच्या वर्षी आपल्याच शेतात जातो, आणि बोर्डाच्या जुन्या झाळकामात शिसे असते. तांब्यासाठी वायरी जाळण्याचा धंदाही पोरांना करू देऊ नका, त्याचा धूर विषारी असतो. अशा कचऱ्यासाठी १ एप्रिल २०२३ पासून देशात नवे नियम लागू आहेत आणि तो नोंदणी असलेल्या संस्थेकडेच जायला हवा. तालुक्याला तशी सोय नसेल, तर मुलगा पुढच्या खेपेला मीरा रोडला परत जाताना रिकामा पत्रा आणि बोर्ड त्याच्याबरोबर द्यावा.